कळसदर्शनाचं देऊळ: जपानच्या इसे जिंगूला कसं जावं, तिथे कसं वागावं

आईला घेऊन इसेला गेले होते. पायऱ्या चढून वर पोचलो. समोर लाकडी दरवाजा, त्यावर सोडलेला पांढरा पडदा, मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे छपराची टोकं. बस्स. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "देव कुठाय गं?" म्हटलं, आत आहे, पण दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. तिने छपराकडे बघून हात जोडले. "म्हणजे कळसदर्शनच की!"

इसेचं एवढं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आषाढीला पंढरपुरात गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही, तर वारकरी कळसाला हात जोडून माघारी फिरतो. इसेत तेवढंच मिळतं, आणि ते सगळ्यांसाठी सारखंच आहे. मूर्ती नाही, गाभारा नाही, प्रदक्षिणा नाही. हे माहीत नसलं की माणूस तासाभरात "झाडं आणि कुंपणं पाहिली" म्हणून परततो. माहीत असलं तर दिवस पुरत नाही. म्हणून आधी थोडी ओळख, मग जाण्याचा मार्ग, मग रीत.

आधी हे समजून घ्या

इसे जिंगू जपानच्या मिए प्रांतातल्या इसे शहरात आहे. त्याचं अधिकृत नाव नुसतं 'जिंगू', पुढेमागे काही नाही. आपण एकच देऊळ म्हणत असलो तरी यात लहानमोठी १२५ देवस्थानं मोडतात. त्यांतली मुख्य दोन. नाइकू, म्हणजे आतलं देवस्थान, सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामीचं. जपानचं राजघराणं तिला आपली मूळपूर्वज मानतं. तिचं प्रतीक असलेला पवित्र आरसा इथे आत ठेवलेला आहे. गेकू, म्हणजे बाहेरचं देवस्थान, तोयोउके ओमिकामीचं. ती अन्नाची देवता. आमातेरासुच्या जेवणाची व्यवस्था पाहायला तिला सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी इथे आणलं, अशी परंपरा सांगते.

दुसरी गोष्ट वयाची. शिकिनेन सेंगू नावाच्या विधीत दर २० वर्षांनी ही देवळं शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नव्याने बांधतात, रात्रीच्या अंधारात देवतेला नव्या घरी नेतात आणि मग जुनं उतरवतात. सम्राज्ञी जितोच्या काळात, इ. स. ६९० मध्ये हे पहिल्यांदा झालं. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवी युद्धांत हा क्रम शंभराहून अधिक वर्षं खंडित झाला होता, पण पुन्हा सुरू झाला. २०१३ मधला सेंगू बासष्टावा होता, पुढचा २०३३ मध्ये. त्याचे विधी मे २०२५ पासून सुरूही झाले आहेत. फक्त इमारतच नवी होते असं नाही. देवतेची वस्त्रं, शस्त्रं, साजशृंगार असे ७१४ प्रकारांचे १५७६ नगही नव्याने घडवतात. ज्या सुताराने वा विणकराने विशीत उमेदवारी केली, तोच चाळिशीत मुख्य कारागीर होतो आणि साठीत शिकवतो. तेराशे वर्षांपूर्वीचं देऊळ पाहायला आलात आणि समोर दहा-बारा वर्षांचं लाकूड दिसलं, तर फसवणूक झाली असं वाटून घेऊ नका. जुनी आहे ती बांधण्याची रीत.

कसं पोचायचं

सगळ्यात सोयीची किन्तेत्सु कंपनीची रेल्वे. तिच्या एक्स्प्रेसने नागोयाहून सुमारे १ तास २० मिनिटं, ओसाकाहून पावणेदोन तास आणि क्योतोहून दोन तास लागतात. एक्स्प्रेसला साध्या तिकिटाशिवाय वेगळं तिकीट काढावं लागतं, हे लक्षात ठेवा. जपान रेल पासवाल्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. तो पास किन्तेत्सुवर चालत नाही. नागोयाहून 'मिए' नावाची जेआरची (जपान रेल्वेजची) जलद गाडी आहे, पण तीही मधला काही भाग दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून जाते. तेवढ्याचे जादा पैसे भरावे लागतात.

उतरायचं इसेशी स्टेशनवर. तिथून गेकू चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. गेकूहून नाइकू चार-पाच किलोमीटर लांब, बस सारख्या असतात. परतताना नाइकूहून इसुझुगावा स्टेशन जवळ पडतं.

देवस्थान पहाटे ५ वाजता उघडतं आणि ऋतूप्रमाणे संध्याकाळी बंद होतं: मे ते ऑगस्ट ७ ला, ऑक्टोबर ते डिसेंबर ५ ला, बाकीचे महिने ६ ला. प्रवेशाला पैसे नाहीत. नवीन वर्षाचे पहिले दिवस टाळाच, गर्दी आषाढीच्या तोडीची वाटेल. जमलं तर आदल्या रात्री इसेतच मुक्काम करा आणि सकाळी साडेसहा-सातला गेकूच्या फाटकात उभे राहा. दहानंतर टूरच्या बस येऊ लागतात आणि त्या जंगलाची शांतता जाते.

बूट चालायचे घ्या. आत सगळीकडे जाड खडी पसरलेली आहे. टाचांच्या चपलांचे हाल होतात आणि ज्येष्ठांचे गुडघे बोलू लागतात. कपड्यांचं साध्या दर्शनाला बंधन नाही, पण समुद्रकिनाऱ्यावरचा वेष नको. मुख्य स्थानी पांढऱ्या पडद्यापलीकडे, कुंपणाच्या आत जाऊन विशेष पूजा करण्याची सोय आहे. ती देणगी देणाऱ्यांसाठी, आणि तिथे कोट-टाय किंवा त्या दर्जाचा पोशाख सक्तीचा. एकदम जीन्समध्ये जाऊन विचारू नका.

आणखी एक, आपल्याला सहज कळेल अशी गोष्ट. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, रिवाजात मृत्यूचं सुतक असतं. घरात मृत्यू झाला असेल तर साधारण ५० दिवस देवस्थानात जात नाहीत. तिथे कुणी तुम्हाला विचारणार नाही, पण सोबतचा जपानी मित्र फाटकाबाहेरच थांबला तर कारण हे असू शकतं. आग्रह करू नये.

पहिली पायरी: आधी गेकू

बरेच प्रवासी वेळ वाचवायला थेट नाइकूला जातात. रीत तशी नाही. इसेतले विधीही आधी गेकूत होतात, मग नाइकूत. आधी अन्नदात्रीला नमस्कार, मग मुख्य देवतेला.

फाटकाशी तोरी असते, म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेली कमान. तिच्याखालून जाण्याआधी थांबून थोडं वाकायचं. बाहेर पडतानाही मागे वळून वाकायचं. वाटेच्या मधोमध चालायचं नाही, तो देवतेचा मार्ग. गेकूत डाव्या बाजूने चालायचं, नाइकूत उजव्या. हात धुण्याची जागा गेकूत डावीकडे आहे आणि नाइकूत उजवीकडे, एवढंच त्यामागचं सरळ कारण सांगतात.

हात धुण्याची रीत तेमिझू. दगडी कुंडावर लांब दांड्याच्या पळ्या ठेवलेल्या असतात. उजव्या हाताने पळी भरून घ्या, डावा हात धुवा. पळी डाव्या हातात घेऊन उजवा धुवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी ओता, त्याने चूळ भरा आणि खाली, बाजूला हळूच टाका. पळी तोंडाला लावायची नाही. परत डावा हात धुवा. शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून पुढच्यासाठी ती स्वच्छ होते. हे सगळं एका पळीत बसवायचं असतं. आचमनाची सवय असलेल्यांनी सांभाळा, हे पाणी गिळायचं नाही. आईने पहिल्या वेळी गिळलं होतं. तिला काही झालं नाही, पण बाजूच्या आजोबांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पुढे दाट झाडीतून मुख्य स्थानाशी जाल. गेकूचं खरं वैशिष्ट्य इथलं स्वयंपाकघर. इमिबिया-देन नावाच्या वास्तूत रोज लाकडावर लाकूड घासून अग्नी काढतात. आपल्याकडे यज्ञात अरणीने अग्निमंथन करतात, तसंच. त्या अग्नीवर देवांचा नैवेद्य शिजतो: भात, मासे, समुद्री वनस्पती, भाजी, फळं, मीठ, पाणी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू. दिवसातून दोनदा, उन्हाळ्याच्या सहामाहीत सकाळी ८ आणि दुपारी ४ ला, हिवाळ्यात ९ आणि ३ ला. तांदूळ देवस्थानच्या स्वतःच्या शेतातला, मीठ त्यांच्याच मिठागरातलं. हा परिपाठ सुमारे दीड हजार वर्षं चालू आहे असं देवस्थान सांगतं. त्या वेळेला आसपास असाल तर शुभ्र वस्त्रातले पुरोहित नैवेद्याची पेटी घेऊन जाताना दिसू शकतात. दिसले तर बाजूला उभं राहून मान लववायची, मोबाइल खिशात ठेवायचा.

गेकूच्या आवारात तीन दगड दोरीने वेढून ठेवलेले आहेत. लोक त्यांवर हात धरून 'ऊर्जा' घेताना दिसतील. ती खरं तर शुद्धीकरणाच्या विधीची जागा आहे, हात शेकायची शेगडी नव्हे. रांग दिसली म्हणून लागू नका. त्यापेक्षा जवळच्या ९८ पायऱ्या चढून तागा-नो-मियाला जा. तिथे तोयोउकेच्या तेजस्वी, कर्तृत्ववान रूपाची पूजा होते. मुख्य स्थानी आभार मानायचे आणि मागणं इथे मागायचं, असा संकेत आहे.

वेळ असेल तर फाटकाजवळचं सेंगूकान हे संग्रहालय चुकवू नका. आत मुख्य वास्तूच्या एका भागाची खऱ्या मापाची प्रतिकृती आहे. कुंपणापलीकडचं जे कधीच दिसणार नाही, ते इथे समोर उभं राहून पाहता येतं. मी आधी नाइकू आणि मग संग्रहालय असा उलटा क्रम केला होता. तुम्ही करू नका.

नमस्काराची रीत

दोन वेळा खोल वाकायचं, दोन टाळ्या, एकदा वाकायचं. हे सोपं दिसतं, पण आपला हात सवयीने आधीच जोडला जातो. म्हणून नीट क्रमाने सांगते. टोपी काढा. सरळ उभे राहा, हात मांड्यांशी, कमरेतून काटकोनात दोनदा वाका. मग छातीशी तळवे जुळवा, उजवा तळवा किंचित खाली सरकवा, दोनदा टाळी वाजवा. तळवे पुन्हा बरोबर जुळवून मनात म्हणायचं ते म्हणा. हात खाली घ्या, एकदा खोल वाका. आपलं नाव-गाव सांगून आभार मानण्याची पद्धत आहे. मराठीत सांगितलंत तरी चालेल.

घंटा शोधू नका, इथे नसते. इतर शिंतो देवळांत दिसणारे दगडी सिंह-कुत्रे नाहीत, भविष्याच्या चिठ्ठ्याही नाहीत. मुख्य स्थानी दानपेटीही नाही. जुन्या काळी इथे देवाला काही अर्पण करण्याचा अधिकार फक्त सम्राटाचा होता, सामान्यांना खासगी अर्पणाची मनाई होती. आता लोक नाणी टाकतात, म्हणून पांढरं कापड अंथरलेलं असतं. टाकलं नाही तरी कुणी पाहत नाही. नारळ, हार, उदबत्ती, पेढे यांतलं काहीच न्यायचं नाही. आणि हो, चपला काढायच्या नाहीत. आई खडीवर एक पाय अनवाणी करून उभी होती, तेव्हा मला हे लिहून ठेवावंसं वाटलं.

दुसरी पायरी: नाइकू

नाइकूची सुरुवात इसुझु नदीवरच्या उजी पुलाने होते. १०१.८ मीटर लांबीचा हा लाकडी पूल, दोन्ही टोकांना एकेक तोरी. उजवीकडून चाला आणि त्या तोरींकडे नीट पाहा. मुख्य देवळाचे जे खांब आढ्याला आधार देतात, ते २० वर्षांनी उतरवल्यावर त्यांचीच या तोरी होतात: आतल्या टोकाची नाइकूच्या खांबांची, बाहेरच्या टोकाची गेकूच्या. इथे २० वर्षं उभं राहून ते लाकूड पुढे जुन्या यात्रामार्गावरच्या सेकी आणि कुवाना इथे जाऊन पुन्हा तोरी होतं. ज्या खांबाला देवाच्या घरात हात लावता येत नाही, तोच इथे तुमच्या डोक्यावर असतो. माझ्या मते इसेतलं सगळ्यात जवळचं दर्शन हेच.

पूलही दर २० वर्षांनी नवा होतो, पण सेंगूच्या चार वर्षं आधी. १९४९ चा सेंगू दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर पुढे ढकलला गेला. निदान पूल तरी नवा करू म्हणून तो त्या वर्षी बांधला आणि सेंगू १९५३ मध्ये झाला. तेव्हापासूनचं हे अंतर. सध्याचा पूल २००९ चा.

पूल ओलांडून बागेतून पुढे गेलं की उजवीकडे उतार नदीत जातो. फरसबंदी १६९२ मध्ये शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा त्सुनायोशी याच्या आईने करून दिलेली. कुंडाऐवजी इथे नदीतच हात धुवावेत. आपल्याला घाटावर बसल्यासारखं वाटतं. चूळ मात्र नदीत भरू नका. आवारात मोकळे फिरणारे कोंबडे दिसतील, ते देवाचेच. महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सकाळी ८ च्या सुमारास देवाचा घोडाही सजून मुख्य स्थानी नमस्काराला जातो.

मुख्य स्थानाच्या दगडी पायऱ्यांखाली फोटो काढून घ्या. पायऱ्यांपासून वर फोटोला सक्त मनाई आहे. वर चार कुंपणं आहेत आणि आपण बाहेरच्या दोन कुंपणांच्या दरम्यान, पांढऱ्या पडद्यापुढे उभे राहतो. गर्दी असेल तर मधोमध रांग लागते, कडेला उभं राहूनही नमस्कार चालतो. रेंगाळू नका, पण पळूही नका. वारा आला की पडदा उचलला जातो आणि आतलं खडीचं अंगण क्षणभर दिसतं.

आता कळस. छपराच्या दोन्ही टोकांना आभाळात गेलेल्या फुलीसारख्या लाकडांना चिगी म्हणतात आणि आढ्यावर आडव्या ठेवलेल्या गोल ओंडक्यांना कात्सुओगी. नाइकूत चिगीची टोकं आडवी कापलेली आणि ओंडके १०. गेकूत टोकं उभी कापलेली आणि ओंडके ९. सकाळी गेकूत मोजून ठेवलेत तर इथे फरक कळतो. हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, न रंगवलेलं लाकूड, छप्पर गवताचं, खांब पायाशिवाय थेट जमिनीत रोवलेले. जमिनीतलं लाकूड कुजणारच, म्हणून २० वर्षं.

कुंपणामागचं पाहायची हौस भागवायची एक युक्ती आहे. पायऱ्या उतरून आरामात्सुरी-नो-मियाकडे जाणारी वाट धरा. वाटेत देवाच्या भाताचं कोठार लागतं, मिशिने-नो-मिकुरा. ते त्याच शैलीतलं आहे आणि अगदी हाताच्या अंतरावर. सांधे, तुळया, गवताची जाडी निवांत पाहा. आरामात्सुरी-नो-मिया म्हणजे आमातेरासुच्या तेजस्वी रूपाचं स्थान. नवस बोलायचा तर तो इथे. तिथे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एका दगडावर पाय द्यायचा नसतो. त्यावरच्या भेगांचा आकार 'आकाश' या अर्थाच्या अक्षरासारखा दिसतो म्हणतात. लोक जिथे वळसा घालतात, तो.

मुख्य स्थानाशेजारी रिकामं, खडी पसरलेलं आवारही दिसेल, मध्ये एक छोटी झोपडीवजा पेटी. आधीचं देऊळ तिथे होतं, पुढचंही तिथेच होणार. बहुतेक लोक त्याकडे न बघता पुढे जातात. मी मुद्दाम थांबते.

परतीच्या वाटेवर कागुरा-देनमध्ये ताईत आणि ओफुदा, म्हणजे घरात ठेवायच्या देवाच्या नावाच्या पट्ट्या, मिळतात. देवस्थानचा शिक्का आणि तारीख घालून देणारं गोशुइन हवं असेल तर वही सोबत न्या, आधी दर्शन घ्या, मग शिक्का. ताइताची पिशवी उघडून आत काय आहे ते पाहायचं नसतं.

ऑक्टोबरात जाणार असाल तर १५ ते १७ तारखांना कान्नामेसाई असतो. नवा भात आधी देवाला. कोकणात कोजागरीला नवान्न पौर्णिमा करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरी पायरी: पोटोबा

पुलाबाहेर ओहाराइमाची ही जुन्या धाटणीची सुमारे ८०० मीटरची पेठ आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथे ओकागे-माइरी नावाच्या यात्रांच्या लाटा यायच्या. १८३० मध्ये काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक लोक आले असं मानतात. नोकर मालकाला आणि मुलं आईबापांना न सांगता निघायची, वाटेतली गावं त्यांना जेवू घालायची. वारीला निघालेल्या माणसाला रस्त्यात उपाशी राहावं लागत नाही, तसंच. ज्यांना स्वतः जमायचं नाही ते कुत्र्याच्या गळ्यात पैसे बांधून त्यालाच पाठवायचे. त्या कुत्र्याच्या बाहुल्या अजून दुकानांत आहेत. खऱ्या कुत्र्याला मात्र आता आवारात प्रवेश नाही, दारातल्या चौकीत ठेवावा लागतो.

शाकाहारींनी सावध राहावं. इसे उदोन, म्हणजे जाड, मऊ नूडल्स आणि काळसर सॉस, दिसायला निरुपद्रवी आहे, पण सॉसमध्ये बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. निर्धास्तपणे खावं असं म्हणजे आकाफुकु मोची. मोची म्हणजे चिकट तांदळाचा मऊ गोळा. १७०७ पासूनचं दुकान, नदीकाठी. पांढऱ्या मऊ मोचीवर चवळीच्या जातकुळीतल्या अझुकीचं गोड पुरण, त्यावर बोटांनी ओढलेल्या लाटा. पांढरं ते नदीतले गोटे, लाटा म्हणजे इसुझुचं पाणी. चव पुरणपोळीतलं पुरण चोरून खाल्ल्यासारखी. दर महिन्याच्या १ तारखेला (जानेवारी सोडून) पहाटे वेगळी मोची विकतात, तिच्यासाठी अंधारात रांग लागते.

पेठ संध्याकाळी ५ च्या सुमारास आवरती घेते, तेव्हा खाणं आधी उरकून घ्या. आणि आकाफुकुचे डबे भारतात न्यायला घेऊ नका. उन्हाळ्यात ती दोन दिवस टिकते, हिवाळ्यात तीन. आईने चार डबे घेतले होते. ते आम्ही ओसाकाच्या हॉटेलात बसून संपवले.